घडीचा चाकू भेट देताना : ओळखीच्यांसाठी आणि अनोळखींसाठी

घडीचा चाकू कुणाला भेट द्यावा असे पहिल्यांदा मनात येते, तेव्हा घरातून बहुधा एकच प्रश्न येतो : "चाकूच का? दुसरे काही सुचले नाही का?" हा प्रश्न अगदीच निराधार नाही. रिकामी कात्री चालवली की घरात भांडणे होतात आणि सुरी हातात न देता खाली ठेवायची असते, हे ऐकत आपण वाढलेलो असतो. मात्र त्याच घरात खंडेनवमीला विळी, सुरी, कोयता हे सारे धुऊनपुसून पाटावर मांडले जाते आणि त्याला हळदकुंकू वाहिले जाते, तर कितीतरी लग्नांत नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार असते. म्हणजे धारेचे आपल्याला वावडे नाही. ती कुणाच्या हाती, कशासाठी आणि कशा रीतीने जाते याची काळजी मात्र आहे, आणि ही काळजी रास्त आहे. गेली काही वर्षे मित्रांना, नातलगांना आणि कधीकधी प्रवासात भेटलेल्या माणसांना मी लहान चाकू देत आलो आहे. त्यात केलेल्या चुका नव्याने सुरुवात करणाऱ्याला टाळता याव्यात, म्हणून हा क्रम लिहून ठेवतो.

आधी काम पाहावे

चाकू विकत घेण्यापूर्वी तो ज्याला द्यायचा आहे त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. त्या दिवसात कापण्याचे, सोलण्याचे, दोरी तोडण्याचे किंवा खोके उघडण्याचे काम येत असेल, तर चाकू वापरला जाईल. येत नसेल, तर तो खणात पडून राहील आणि वर्षभराने लहान मुलाच्या हाती लागेल. माझी पहिली चूक हीच होती. मला आवडलेला चाकू मी मित्राला दिला. त्याला तो आवडलाही, पण त्याच्या आयुष्यात त्या चाकूला काही कामच नव्हते.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला काकडी, कांदा, दोरी आणि चिकटपट्टी यांसाठी चाकू लागतो. बागेची हौस असणाऱ्याला फांदी छाटायची असते, तर वायरमनला वायर सोलायची असते. कोकणातल्या रोपवाटिकेत आंब्या-काजूची मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या फांदीची, कलमे बांधणाऱ्याचे काम आणखी वेगळे असते : त्याला पाचर एका कापात गुळगुळीत उतरवायची असते, त्यामुळे त्याला लागणारे पाते सरळ धारेचे आणि बहुतेक वेळा एकाच अंगाने घासलेले असते. अशा माणसाला फिरस्त्यांचा बहुउपयोगी चाकू दिला, तर तो हसून घेईल आणि कामासाठी आपला जुनाच चाकू वापरेल. चांभाराच्या रापीबाबतही हेच म्हणता येईल. ज्याच्या धंद्याचे हत्यार ठरलेले आहे, त्याला धंद्याचे हत्यार आपण निवडून देऊ नये. द्यायचेच असेल, तर धंद्याबाहेरच्या किरकोळ कामांसाठी, म्हणजे फळ चिरण्यासाठी किंवा पुडके उघडण्यासाठी, लहानसा चाकू द्यावा.

याच वेळी समोरचा माणूस डावखुरा आहे का, हेही पाहून ठेवावे. घडीच्या बऱ्याच चाकूंच्या पात्यावर नख अडकवण्याची खाच एकाच बाजूला असते, आणि ती उजव्या हाताने उघडणाऱ्याच्या सोयीची असते. उजव्या हातासाठी एका अंगाने घासलेले कलमाचे पाते डावखुऱ्या हातात नीट चालत नाही. ही गोष्ट विचारावी लागत नाही. चहाचा कप तो कोणत्या हाताने उचलतो ते पाहिले तरी पुरते.

चाकूची निवड

नवख्या दात्याने मोठ्या पात्याचा मोह टाळावा. सहा ते साडेआठ सेंटिमीटरचे पाते रोजच्या जवळजवळ सगळ्या कामांना पुरते, खिशात मावते आणि पाहणाऱ्याला दचकवत नाही. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण भेट घेणाऱ्याला तो चाकू चारचौघांत उघडावा लागणार असतो.

दोन घराण्यांची ओळख सुरुवातीला पुरेशी आहे. पहिले स्वित्झर्लंडचे. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख येथे आपला कारखाना सुरू केला, आणि १८९१ पासून तेथून स्विस सैन्याला शिपायांचा चाकू जाऊ लागला. रायफल खोलता यावी आणि डबा उघडता यावा ही त्या चाकूची कामे होती. लढणे हे त्याचे काम कधीच नव्हते, हे घरातल्या साशंक मंडळींना आवर्जून सांगावे. १८९७ मध्ये त्याचा हलका, अधिक अवजारांचा भाऊ आला, आणि लाल मुठीचा जो चाकू आज जगभर ओळखला जातो तो याच वंशातला. पुढे एल्सनर यांच्या आई व्हिक्टोरिया यांचे नाव आणि न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' हा शब्द जोडून कंपनीचे व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले. मिटलेल्या स्थितीत ५८ मिलिमीटर लांबीचा, किल्ल्यांच्या जुडग्यात राहणारा 'क्लासिक' हा शहरी माणसासाठी, आणि ९१ मिलिमीटरचा 'स्पार्टन' हा प्रवास करणाऱ्यासाठी, अशी विभागणी मी करतो. क्लासिकमध्ये एक कात्री असते. चाकू नको म्हणणाऱ्या माणसालाही ती कात्री आठवडाभरात आपलेसे करते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरे घराणे फ्रान्सच्या साव्वा प्रांतातले. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकरी आणि कामकरी माणसांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला, आणि पुढे त्याच्या लहानमोठ्या आकारांना क्रमांक दिले गेले. आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. वापरताना पाते बोटांवर मिटू नये म्हणून गळ्याशी फिरणारी कडी असते. ही कडी १९५५ मध्ये आली. हा चाकू वजनाला हलका असतो, फळे आणि पाव उत्तम कापतो, आणि त्याचा कडीचा भाग डावखुऱ्यालाही अडत नाही.

येथे पोलादाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या हवेत टाळता येत नाही. कार्बन पोलादाला धार लवकर आणि छान लागते, पण कैरी, लिंबू, कोकम यांच्या आंबट रसाने ते काळे पडते आणि दमट हवेत गंजते. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पाते तिच्या खाचेत आवळले जाते. किनारपट्टीवर राहणाऱ्या एका मित्राला मी ऐन मे महिन्यात कार्बन पोलादाचा, लाकडी मुठीचा चाकू दिला. गणपतीला भेटलो, तेव्हा तो चाकू उघडतही नव्हता आणि पाते चिंचेच्या पाण्यात बुडवल्यासारखे दिसत होते. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कोकण आणि गोव्यासाठी मी न गंजणारे पाते आणि पाणी न पिणारी मूठ असाच चाकू निवडतो, आणि कार्बन पोलाद देशावरच्या, पाते पुसून ठेवण्याची सवय असलेल्या माणसासाठी राखून ठेवतो. ओपिनेलच्या पात्यावर फ्रेंचमध्ये कार्बन किंवा इनॉक्स असे कोरलेले असते, ते खरेदीपूर्वी वाचावे. मूठ फुगून पाते अडकलेच, तर कडी उघडी ठेवून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटावे, म्हणजे पाते थोडे बाहेर येते. साव्वातले लोक हेच करतात.

काय देऊ नये तेही येथेच सांगतो. खटका दाबताच उघडणारा चाकू, रामपुरीच्या धर्तीचा चाकू, दुधारी किंवा खंजिरासारखा चाकू, आणि कवट्या किंवा वाघाचे जबडे कोरलेला चाकू कुणालाही देऊ नये. जो दिसायला शस्त्र आहे, तो शस्त्र म्हणूनच पाहिला जातो. स्विस चाकूच्या स्वस्त नकलाही टाळाव्यात. त्यांची कमान, म्हणजे पाते जागेवर धरणारी स्प्रिंग, ढिली असते, आणि ढिल्या कमानीचा चाकू वापरताना मिटून बोट कापतो.

कायद्याची बाजू

१९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. त्याखालील नियमांत ज्या चाकूंचा उल्लेख आहे, ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी न बनवलेले असे आहेत. आपण देत असलेला चाकू या मापाच्या निम्म्याहूनही लहान असतो. तरी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी शांततेसाठी ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढू शकतात, आणि त्या कलमात काठ्यांपासून चाकूंपर्यंत इजा करू शकणाऱ्या वस्तू जवळ बाळगण्याचा उल्लेख आहे. सण, मोर्चे आणि निवडणुका यांच्या सुमारास असे आदेश स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या दिवसांत चाकू घरी जाऊन द्यावा. तो खिशात घेऊन गर्दीत जाऊ नये आणि समोरच्यालाही तसे करायला लावू नये.

राज्य आणि देश बदलला की नियमही बदलतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या आणि गरारीच्या (दातेरी अडकणीच्या), ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याला चाकू द्यायचा असेल, तर तेथे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, मिटणारा आणि लॉक नसलेला चाकू वाजवी कारणाशिवाय जवळ बाळगता येतो, परंतु लॉक असलेला येत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे तेथे क्लासिक चालतो, तर कडीचा ओपिनेल घरातच राहिला पाहिजे. इतर देशांसाठी त्या देशाच्या पोलिसांचे किंवा सरकारचे संकेतस्थळ पाहूनच खरेदी करावी.

देण्यापूर्वीची तयारी

नवा चाकू डबीतून काढून तसाच पुढे करू नये. प्रत्येक पाते आणि अवजार दहा वेळा उघडून मिटावे, म्हणजे कमान कुठे अडते ते कळते. धार जुन्या वर्तमानपत्रावर तपासावी : कागद न फाटता कापला गेला पाहिजे. बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून जादा तेल पुसून घ्यावे. खोबरेल तेल बिजागरीत घालू नये. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत चाकू जणू डिंकात बुडवल्यासारखा उघडतो. फळे कापण्याचे पाते मात्र देण्यापूर्वी साबणाने धुऊन कोरडे करावे.

मुठीवर नाव कोरून घ्यायचे असेल, तर आडनावाऐवजी आद्याक्षरे कोरावीत. चाकू हरवला, तर तो कुणाचा आहे हे अनोळखी माणसाला कळण्याची गरज नसते.

ओळखीच्याला देताना

चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, अशी समजूत युरोपातही फार जुनी आहे आणि तिच्यावरचा उतारा तिकडच्या लोकांनीच शोधला आहे : घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे द्यायचे, म्हणजे तो व्यवहार खरेदीचा ठरतो आणि भेटीचा दोष लागत नाही. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालण्याची रीत आहे, त्यामुळे एक रुपयाचे मोल कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. फक्त येथे तो उलट दिशेने येतो. मी चाकूच्या डबीत एक रुपयाचे नाणे आधीच ठेवतो, म्हणजे समोरच्याला खिसे चाचपावे लागत नाहीत. तो ते नाणे काढून मला परत देतो, आजी असतील तर त्या समाधानाने मान हलवतात, आणि चाकू घरात रुजतो.

हातात न देता खाली ठेवण्याची रीत तर मनापासून पाळावी. त्या समजुतीत सुरक्षिततेचा सरळ नियम दडलेला आहे : एकाने सोडले आणि दुसऱ्याने पकडले या क्षणीच बोट कापते. चाकू मिटलेला असावा, टेबलावर ठेवावा आणि समोरच्याने तो उचलावा.

त्यानंतरची पाच मिनिटे भेटीइतकीच महत्त्वाची आहेत. पाते दोन्ही हातांनी कसे उघडायचे, मिटवताना बोटे खाचेच्या बाहेर कशी ठेवायची, कडी किंवा लॉक असेल तर ते कसे फिरवायचे, आणि पात्याचे टोक उचकटण्यासाठी का वापरायचे नाही, हे आपल्या हाताने करून दाखवावे. मग त्याच्याकडून एकदा करून घ्यावे. हे सांगताना संकोच वाटतो, कारण समोर चाळिशीचा माणूस असतो. पण घडीच्या चाकूने होणाऱ्या बऱ्याच जखमा मिटवताना होतात, आणि ज्याने आयुष्यभर विळी वापरली आहे, त्याला मिटणाऱ्या पात्याची सवय असतेच असे नाही.

मुलांना चाकू देण्याची घाई करू नये, आणि आईवडिलांना न विचारता तर कधीच देऊ नये. त्यांची संमती असेल, तर गोल टोकाचा चाकू मिळतो तो घ्यावा, आणि तो मुलाच्या नव्हे, पालकांच्या हवाली करावा. पहिले काही महिने चाकू मोठ्यांच्या देखत आणि बसूनच वापरायचा, एवढा नियम पुरे.

अनोळखी माणसाला देताना

हा भाग नाजूक आहे. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत चाकू काढून देणे म्हणजे त्याला घाबरवणे होय. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना स्विस चाकू भेट देत असत. परंतु तेथे दाता कोण आहे हे पाहुण्याला ठाऊक असे. एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण ठाऊक नसतो.

म्हणून अनोळखी माणूस आधी अर्धाएक तास तरी ओळखीचा व्हावा लागतो. ज्याच्या हातात काम पाहिले, ज्याच्याशी त्या कामाबद्दल बोलणे झाले आणि ज्याने आपला चाकू वापरून पाहिला, त्यालाच द्यावा. किल्ल्याच्या पायथ्याच्या एका गावात पहाटे चहा देणाऱ्या गृहस्थांनी माझ्या चाकूने आपल्या दुकानातली सुतळी कापली, पाते अंगठ्यावर आडवे फिरवून धार जोखली आणि तो न बोलता परत केला. परतीच्या वाटेवर मी तो त्यांच्या फळीवर ठेवला. त्यांनी पैसे विचारले. तेव्हा मला कळले की 'घ्या हो, असू द्या' हे उत्तर त्यांना दानासारखे वाटले असते, म्हणून मी एक रुपया मागितला. त्यांनी तो दिला, वर चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि हिशेब त्यांच्या मनासारखा मिटला. अनोळखी माणसाच्या बाबतीत त्या नाण्याचे खरे काम हेच आहे. घेणाऱ्याला मिंधेपण येऊ न देण्यासाठी ते मागून घ्यावे.

काही मर्यादा मात्र कटाक्षाने पाळाव्यात. समोरची व्यक्ती प्रौढ असावी, दारू प्यालेली नसावी आणि कुणाशी वादात नसावी. देवाणघेवाण गर्दीत, रेल्वेच्या डब्यात किंवा देवळाच्या रांगेत होऊ नये. चाकू मिटलेला आणि डबीत असावा. पाते उघडून दाखवायचे असेल, तर 'चाकू आहे, दाखवू का?' असे आधी विचारावे. स्त्रियांना देताना त्यांच्या घरची माणसे किंवा सहकारी आसपास असताना द्यावा. एकट्या असलेल्या स्त्रीसमोर अनोळखी पुरुषाने चाकू काढणे, हेतू कितीही चांगला असला तरी, अयोग्यच. समोरच्याने नको म्हटले, तर दुसऱ्यांदा विचारू नये. आणि फोटो काढू नये.

प्रवास आणि टपाल

भेट घेणारा विमानाने परतणार असेल आणि त्याच्याजवळ फक्त हातातली पिशवी असेल, तर चाकू त्याला तेव्हा देऊच नये. केबिनमध्ये चाकू नेता येत नाही, तो सुरक्षा तपासणीत काढून घेतला जातो. चेक-इन सामानात, पाते नीट गुंडाळून, तो जाऊ शकतो. किल्ल्यांच्या जुडग्यातला लहानसा क्लासिकही हमखास विसरला जातो आणि तेथेच गमावला जातो, म्हणून तो देताना ही सूचना तोंडी द्यावी. मेट्रो स्थानके, न्यायालये आणि मोठी देवस्थाने येथेही तपासणी असते.

टपालाने पाठवायचे असेल, तर खोके बंद करण्याआधी कार्यालयात किंवा कुरिअरच्या खिडकीवर वस्तूचे नाव स्पष्ट सांगून विचारावे. नीट झाकलेले नसेल असे धारदार हत्यार टपालाने पाठवण्यास १८९८ च्या टपाल कायद्यातच मनाई होती. तो कायदा आता बदलला आहे, पण पाकीट हाताळणाऱ्याचे बोट तेच आहे. मिटलेला चाकू दोऱ्याने बांधावा, जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून चिकटपट्टीने गुंडाळावा आणि मग खोक्यात असा बसवावा की हलवल्यावर आवाज येणार नाही.

दिल्यानंतर

बोथट चाकूवर जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो. म्हणून चाकू दिल्यानंतर सहा महिन्यांनी त्या घरी जाणे झाले, तर धार विचारावी. सायकलवरच्या धारवाल्याच्या फिरत्या चाकाला लहान पाते देऊ नये. चाकाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते आणि पाते भराभर झिजते. हजार नंबरचा पाण्यावर चालणारा दगड पुरेसा आहे. पाते दगडावर सुमारे वीस अंशांत धरायचे असते, आणि हा कोन मोजण्याची सोपी युक्ती अशी की पाते १५ मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर उचललेली असावी. दोन्ही अंगांनी सारखेच, हलक्या हाताने घासावे, आणि शेवटी टोमॅटोची साल दाब न देता चिरली जाते का ते पाहावे.

त्या चहावाल्या गृहस्थांकडे मी पुढच्या हिवाळ्यात दगड घेऊन गेलो. त्यांनी चाकू कनातीच्या खांबाला अडकवलेल्या पिशवीतून काढला. धार मी लावली असती त्यापेक्षा बरी लावलेली होती. ओढ्यातला एक सपाट दगड त्यांनी त्यासाठी वेगळा काढून ठेवला होता.